कपाटात वाजलेला फोन

१

ज्या नंबरावरून फोन आला, तो नंबर काकासाहेब राखुंड्यांच्या स्वतःच्या कपाटात, कुलपात होता.

"म्हणजे सिम कपाटात होतं?" वंदना खरातांनी विचारलं.

"सिम, फोन, सगळंच. आणि फोन आला मला, ह्या माझ्या फोनवर. अर्पिता म्हणून नाव आलं." काकासाहेबांनी खिशातला फोन काढला. मग कापडी पिशवीतून दुसरा, कडा उडालेला जुना फोन काढून त्याच्या शेजारी ठेवला. "बघा आता."

त्यांनी नंबर लावला. जुना फोन स्टुलावर थरथरत वाजू लागला. तो थांबेपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

वंदनाबाई पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि अंबडला, मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. लग्न केलं नव्हतं. नोकरीत होत्या तोवर विचारणारी माणसं होती, आता विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या फोनवर दिवसभरात जे आवाज यायचे ते बहुतेक आधीच भरून ठेवलेले असायचे, कर्ज हवंय का, विमा हवाय का. कधी कधी त्या ते शेवटपर्यंत ऐकायच्या.

काकासाहेब अंबडच्या कोर्टात बेंच क्लार्क होते, तेव्हापासूनची ओळख. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांची बायको गेली. एकुलती एक अर्पिता कॅनडात. विमानं बंद, ती येऊ शकली नाही. त्या दिवशी काकासाहेबांनी तिला फोनवर जे सांगितलं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं, "ह्या घरात पुन्हा फोन करायचा न्हाई." त्यानंतर तिनं केला नव्हता. त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं.

"तिचं जुनं सिम तुम्ही चालू ठेवलंय?"

"रिचार्ज करतो. न्हाई केला तर कंपनी नंबर दुसऱ्याला देऊन टाकते." त्यांनी मान खाली घातली. "तिच्या नंबरावर भलतंच कोणी बोललेलं मला चालणार न्हाई."

"काल काय झालं, ते सुरुवातीपासून सांगा."

काल सकाळी नाव दिसलं आणि त्यांनी फोन उचलला. आवाज तुटत होता. नीट ऐकू आलं ते एवढंच: "बाबा... जालना स्टेशन... थांबा." आणि फोन कटला. काकासाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला, मिळाली ती बस धरली आणि जालना गाठलं. घाईत फोन चार्जिंगलाच राहिला. स्टेशनवर ते दिवस कलेपर्यंत बसले. गाड्या आल्या, गेल्या. प्रत्येक डब्यातून उतरणाऱ्या बायकांची तोंडं ते बघत राहिले.

"घरी आलो तर फोनवर तिच्या नावाचे मिस्ड कॉल. मी उलट फोन लावला. आणि कपाटात वाजायला लागलं, बाई. मी एकटा घरात. अंगावर काटा आला."

"आवाज अर्पिताचाच होता?"

"तिचाच वाटला. पण मला तर टीव्हीत बातम्या सांगणाऱ्या पोरीचा आवाजही तिचाच वाटतो."

वंदनाबाईंनी स्टुलावरचे फोन सरळ केले. म्हाताऱ्या माणसाला खोट्या फोनवर घराबाहेर काढायचं आणि मागे घर साफ करायचं, असले प्रकार त्यांनी पाहिले होते.

"घरातून काय काय गेलं?"

"तेच तर कळंना," काकासाहेब म्हणाले. "काहीच गेलं न्हाई."

२

काकासाहेबांचं घर अंबडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत होतं. पुढच्या दाराला लॅच. ओढून घेतलं की आपोआप लागतं, आणि घरात माणूस आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. लॅचवर ओरखडा नव्हता. खिडक्यांचे गज जागच्या जागी होते. कपाटात बायकोच्या पाटल्या डब्यात होत्या तशाच होत्या. त्याच कप्प्यात, मऊ कापडावर, जुन्या फोनची जागा होती. कपाटाची किल्ली बायकोच्या फोटोशेजारच्या खिळ्याला लटकत होती.

"किल्ली इथंच असते?"

"घरातल्यांपासून काय लपवायचं?"

"घरात कोण आहे?"

काकासाहेब म्हणाले, "स्वयंपाकाला गोजरबाई येते. आणि पुतण्या, रामप्रसाद. त्याच्याकडं लॅचची दुसरी चावी असती."

नाव काढायला आणि रामप्रसाद यायला एकच गाठ पडली. चाळिशीचा माणूस. बियाणं-खताचं दुकान चालवायचा. वंदनाबाईंना बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काका, आता पोलिसवाल्या बाईंना आणलं का?" त्यानं वंदनाबाईंना बाजूला घेतलं. "ताई, राग नका मानू. फोन-बिन काही आला नसंल. त्यांचं डोकं चालंना झालंय. रात्री-बेरात्री त्या जुन्या फोनला चार्जिंग लावतेत. मी सोमवारी जालन्याला डॉक्टरची वेळ घेतलीय. मंग माझ्याकडंच ठेवतो त्यांना, घर देऊ भाड्यानं."

"फोन आल्याचं त्यांच्या फोनमध्ये दिसतंय, रामप्रसाद."

"आजकाल फोनमध्ये काय बी दिसतं."

"काल दिवसभर तुम्ही कुठं होता?"

"दुकानात. गहू-हरभऱ्याची पेरणी चालू आहे, मान वर करायला फुरसत न्हाई. विचारा कोणाला बी." तो चिडून निघाला, पण दारात थांबला. आवाज खाली आला. "ताई, काल संध्याकाळी मी आलो तव्हा ते जमिनीवर बसलेले होते. कपाटासमोर. दिवा न लावता. तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

वंदनाबाईंनी काकासाहेबांच्या पिशवीतून जुना फोन काढला.

तो गेल्यावर त्या जुन्या फोनशी खटपट करत बसल्या. आलेल्या फोनांची यादी उघडली. कपाटात पडलेल्या फोनला कोण फोन करणार? जाहिरातवाले. लाल अक्षरांत मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. त्या खाली सरकवत गेल्या आणि एका ओळीवर बोट थांबलं.

"काकासाहेब, हा फोन तुम्ही कधी उचलता?"

"कधीच न्हाई. मी कशाला उचलू? हात लावतो तो चार्जिंगपुरता."

"दिवाळी झाल्यावर एक फोन आलाय. बाहेरच्या देशातला नंबर." त्यांनी पडदा त्यांच्यासमोर धरला. "हा मिस्ड नाही. हा कुणीतरी उचललाय."

काकासाहेबांनी चष्मा सरसावून तारीख वाचली. "ह्या दिवशी तर मी हयातीचा दाखला द्यायला गेल्तो. घरात न्हवतोच मी."

३

समोरच्या मोबाइलच्या दुकानात रिजवान एका फोनचं पोट उघडून बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं हे दुकान घेतलं. अर्पिताला त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं, पण तिचा नंबर त्याला पाठ होता, कारण रिचार्ज तोच मारायचा.

"सिम कपाटात, आणि त्याच नंबरावरून फोन. असं होतं का?" वंदनाबाईंनी विचारलं.

"बराबर होतं, ताई. इंटरनेटवरून फोन लावायचे अ‍ॅप असतेत. चालू करताना ते पुसतं, तुम्हाला नवीन नंबर पायजे, का तुमचाच नंबर समोरच्याला दाखवायचा? नवीन घेतला तर कोणत्याबी देशाचा निवडा. पण अनोळखी नंबर लोकं उचलत न्हाईत ना. मंग लोक आपलाच जुना नंबर दाखवतेत. फोन जातो इंटरनेटवरून, नाव दिसतं जुन्या नंबराचं."

"म्हणजे कोणीही कोणाचाही नंबर दाखवू शकतो?"

"न्हाई न्हाई. चांगलं अ‍ॅप असं करू देत न्हाई. ते आधी त्या नंबरावर फोन करतं. मशीन आकडे बोलतं. ते आकडे अ‍ॅपमध्ये टाकले तरच नंबर तुमचा. म्हंजे एकदा तरी तो फोन कोणाच्या तरी हातात पायजे. एकदा झालं की झालं, मंग सिम कपाटात असलं काय न् विहिरीत असलं काय."

"आणि तो नंबर दिसला म्हणून आपण उलट फोन लावला तर?"

"तर सिम वाजंल. अ‍ॅपवाल्याला काहीच कळणार न्हाई."

उचललेला तो एकच फोन म्हणजे आकड्यांचाच. वंदनाबाई दुकानाच्या बाकावर बसल्या. जुना फोन हाताळू शकणारी माणसं तीन. रामप्रसादकडे चावी. गोजरबाई रोज घरात. आणि हा समोरचा पोरगा, ज्याला सगळी युक्ती तोंडपाठ.

"तो जुना फोन कधी तुझ्याकडे आला होता?"

रिजवानला रोख कळला. त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "बॅटरी बदलायला आल्ता. काकांनी सिम काढून, कागदात गुंडाळून, खिशात ठेवलं आन् मंग फोन दिला. म्हणले, हे मी कोणाच्या हातात देत न्हाई. पुसा त्यांना."

काकासाहेबांनी पुढं तेच सांगितलं. सिम नसलेल्या फोनवर आकडे येणार कुठून?

"काल चोर-बीर कोणी आलं होतं का त्या घराकडे? दार ढकलताना, खिडकीशी?"

"बिलकुल न्हाई, ताई. मी दिवसभर हितंच होतो. चोर आला असता तर मी सोडला असता का?"

रिजवान सुटला. रामप्रसादचं काय? ज्याच्याकडे चावी आहे त्यानं काकाला घराबाहेर काढायला एवढा उपद्व्याप कशाला करावा? काकासाहेब रोज संध्याकाळी देवीला जातात, तेव्हा घर त्याचंच. उरली गोजरबाई. ती लग्नासाठी बहिणीकडे जाफराबादला गेली होती, आणि अर्पिताच्या नावाचा फोन यायच्या आधीपासूनच तिचा फोन बंद लागत होता.

४

जालन्याहून पुढे वंदनाबाईंनी जीप धरली. शेजारी कापूस वेचणीच्या बायका होत्या, आपसात हसत-खिदळत. एकीनं विचारलं, "मावशी, कोणाकडं चालल्या?" वंदनाबाई म्हणाल्या, "कामाला." जाफराबाद येईपर्यंत मग कुणी काही विचारलं नाही.

लग्नघरी मांडव उतरवणं चाललं होतं. गोजरबाई मागच्या अंगणात पातेली घासत होती. वंदनाबाईंना बघताच तिच्या हातातली राख गळाली.

"काकासाहेब बरे हायेत ना?"

"बरे आहेत. तुझा फोन का बंद?"

"हांड्यात पडला वो, लग्नाच्या घाईत. चालू होऊन न्हाई राह्यला."

वंदनाबाईंनी आडवळण घेतलं नाही. "दाखल्याच्या दिवशी कपाटातला फोन तू उचललास. आकडे कोणाला सांगितलेस?"

गोजरबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"अर्पिताला," ती शेवटी म्हणाली.

"अर्पिताच होती कशावरून? तिच्या आवाजात दुसरं कोणी असेल. बाई, काकासाहेबांना तिच्या नावाचा खोटा फोन करून कुणीतरी जालन्याला पाठवलं, दिवसभर बसवून ठेवलं."

"खोटा?" गोजरबाईचं तोंड उतरलं. "अगं माय... म्या काय केलं हे?" मग तिनं जोरजोरात मान हलवली. "न्हाई. तीच व्हती. आई गेली तव्हापासून ती मला फोन करती, दर महिन्याला. बाबा जेवले का, बीपीची गोळी घेतेत का. म्या तिला लहानाची मोठी केली, मला तिचा श्वास बी कळतो. काकासाहेबांनी तिचं नाव काढायचं न्हाई म्हणून सांगितलेलं, म्हणून म्या बोलले न्हाई."

"आकडे कशाला हवे होते तिला?"

"ती म्हणली, बाबा अनोळखी नंबर उचलतच न्हाईत. कुठलाबी नंबर घेतला तरी उचलणार न्हाईत. माझं नाव दिसलं तर कदाचित उचलतील. फोनात बाई आकडे बोलल, ते मला सांग. म्या सांगितले. मंग रोज वाट बघत व्हते की आज करंल, उद्या करंल. तिची हिंमत होईना. पुन्हा बोलली तर म्हणली, गोजरमाय, फोनवर न्हाईच जमणार मला, मीच ये..."

गोजरबाई थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पुढं बोल."

"मीच येते म्हणली. लगीनसराईत, कधीतरी."

जालन्याकडे परत जाणारी शेवटची जीप निघून गेली होती. वंदनाबाई त्या रात्री लग्नघरातच, पाहुण्यांच्या ओळीत एका सतरंजीवर पडल्या. चोरी झाली नव्हती, कारण चोर नव्हता. फोन खोटा नव्हता. मग एक पोरगी सातासमुद्रापलीकडून येऊन जालना स्टेशनवर बापाला सापडली का नाही? आणि नंतरचे ते मिस्ड कॉल कुठून आले?

आपण रिजवानला प्रश्नच चुकीचा विचारला, हे त्यांच्या लक्षात आलं.

५

सकाळी अंबडला उतरताच त्या थेट दुकानात गेल्या.

"रिजवान, चोराचं सोड. परवा त्या घराशी कोणी बाई आली होती?"

"बाई?" त्यानं आठवलं. "हां, एक आल्ती ना. दुपारच्या आधी. चाकाची मोठी बॅग, तोंडाला मास्क. पण ती चोर कशी असंल, ताई? चांगल्या घरची होती. माझ्याकडं येऊन बोलली, भैया, माझ्या फोनात हितलं सिम न्हाई, थोडा वायफाय देता का? मी पासवर्ड दिला. माझा वायफाय काकांच्या पायरीपर्यंत जातो."

"मग?"

"दारावर थाप मारली तिनं. मंग पायरीवर बसून फोन लावत होती. मी हाळी दिली, काका बाहेर गेले असतील, थांबा थोडं. तर बोलली..." रिजवानचा आवाज अडखळला. आपण काय सांगतोय हे त्याला सांगता सांगता कळत होतं. "बोलली, न्हाई भैया, आतच आहेत. आत फोन वाजतोय."

वंदनाबाईंनी वळून समोरच्या दाराकडे पाहिलं.

"किती वेळ बसली ती?"

"लई वेळ. पुन्हा पुन्हा लावत होती. दाराला कान लावून उभी होती. मंग माझ्याकडं गिऱ्हाईक आले. बघितलं तर ती बॅग ओढत चालली होती, बसस्टँडकडं. ताई, ती... ती काकांची मुलगी होती काय?"

६

काकासाहेब पलंगावर बसले होते. रामप्रसादही आला होता, सोमवारचं पक्कं करायला. वंदनाबाई उभ्याच राहिल्या.

"काकासाहेब, तुम्हाला फसवून कोणी घराबाहेर काढलं नाही. ज्याला घर लुटायचंय तो लुटतो. आणि एकदा माणूस घराबाहेर पडला की चोर त्याला पुन्हा पुन्हा फोन करत नाही. तुम्ही गेल्यावर जे फोन आले ते तुम्ही घरात आहात असं समजून केलेले होते. तुम्हाला बाहेर काढणारा असं कसं समजेल?"

"मग कोण होतं?"

"अर्पिता. तिनं आधी गोजरबाईकडून आकडे घेऊन आपला जुना नंबर दाखवायची सोय केली, कारण दुसरा कुठला नंबर तुम्ही उचलला नसता. ती जालन्याला उतरली. स्टेशनवर कुणाकडून तरी वायफाय मागून तिनं तुम्हाला फोन लावला. तुम्ही ऐकलं, जालना स्टेशन, थांबा. मधलं तुटलं. तिला म्हणायचं होतं, जालना स्टेशनवर उतरलेय, घरी येतेय, थांबा. घरीच थांबा."

काकासाहेबांनी चार्जरच्या वायरीकडे पाहिलं.

"तुम्ही बसमधून जालन्याकडे गेलात आणि ती अंबडकडे आली. रस्त्यात कुठंतरी तुमच्या गाड्या एकमेकींशेजारून गेल्या असतील. दाराला लॅच, कुलूप दिसत नाही. तिनं फोन लावला, तर तो आत वाजला. तिला वाटलं, बाबा आत आहेत. नाव बघतायत. उचलत नाहीत. दारही उघडत नाहीत."

बाहेर एक भाजीवाला ओरडत गेला.

"मी तर तिथं..." काकासाहेबांनी चष्मा काढला. "मी तर तिथं तिची वाट बघत..."

रामप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. आता त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ती कुठं असंल?" तो पुटपुटला. "मावशीकडं. दुसरं कोण आहे तिचं? काका, बेबीनंदा मावशीचा नंबर आहे माझ्याकडं."

बेबीनंदा म्हणजे काकासाहेबांची मेहुणी, परतूरला राहणारी. बहिणीच्या दिवसांत तिनं अर्पिताची बाजू घेतली, तेव्हापासून तिच्याशीही बोलणं बंद होतं. रामप्रसादनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"हाय हितंच," बेबीनंदाचा आवाज तुटक आला. "जेवतीय. दुपारच्या गाडीनं हैदराबादला, तिथून विमान. आता कशाला चौकशी? पोरगी दारात रडून आली तव्हा कुठं गेल्ते सगळे?"

"मावशी, ऐक तर, काका घरात न्हवतेच..."

मागून दुसरा आवाज आला. "मावशी, ठेव तो. मला फोनवर आता कोणाचंच काही ऐकायचं नाहीये."

फोन कटला. काकासाहेब उठून उभे राहिले होते. ह्या वेळी आवाज कुणाचा याबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती.

"रामप्रसाद," ते म्हणाले, "गाडी काढ."

७

परतूरचा रस्ता खराब होता. कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाट अडवून होत्या. रामप्रसाद हॉर्नवरून हात काढत नव्हता. वाटेत एकदाच तो समोर बघत म्हणाला, "काका, डॉक्टरचं मी रद्द करतो." काकासाहेबांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. वंदनाबाई मागच्या सीटवर होत्या. पोलिसात असताना गुन्हा उलगडला की एक समाधान असायचं. कुणाला तरी धरलेलं असायचं. इथं धरायला कुणीच नव्हतं. एक तुटलेला आवाज, एक विसरलेला फोन, आणि दोन माणसं, दोन्ही थांबलेली.

स्टेशनात शिरले तेव्हा गाडी फलाटाला लागत होती. रामप्रसाद गाडी कुठं लावू बघत राहिला आणि काकासाहेब चालत सुटले. वंदनाबाई त्यांच्यामागे.

बेबीनंदानं आधी पाहिलं. तिनं अर्पिताच्या दंडाला हात लावला. अर्पिता वळली. तिशीची, बारीक झालेली, हातात बॅगेचा दांडा.

काकासाहेब तिच्यापासून चार हात अलीकडेच थांबले. इतक्या वाटेत त्यांनी काय काय जुळवलं होतं, त्यातलं काही आलं नाही.

"मी जालन्याला होतो," ते म्हणाले.

"काय?"

"स्टेशनवर. दिवसभर. तू थांबा म्हणलीस, मी थांबलो. फोन घरीच राहिला होता."

अर्पिता त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तो उतरायला जागा शोधत होता. "मी दाराला कान लावून उभी होते, बाबा. फोन वाजत होता. मला तुमचा खोकलासुद्धा ऐकू आला."

"मी न्हवतो घरात."

"मला ऐकू आला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

गाडीनं शिटी दिली. मंडळी डब्यात चढू लागली. बेबीनंदा म्हणाली, "अगं, गाडी..." अर्पितानं बॅग उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. विमान चुकवून चालणार नव्हतं. तिकडे तिची नोकरी होती, घर होतं. ती दारात चढली, वळली, आणि दांड्याला धरून उभी राहिली.

गाडी हलली. काकासाहेब तिच्याबरोबर दोन पावलं चालले, मग तिसरं पाऊल त्यांनी पायरीवर टाकलं. अर्पितानं त्यांचा दंड धरून आत ओढलं.

"बाबा! तिकीट नाही तुमचं!"

"काढू परभणीला. टीसी आला तर दंड भरू," काकासाहेब धापा टाकत म्हणाले. "तू सरक आत. मला बसू दे."

रामप्रसाद धावत आला तेव्हा शेवटचा डबा फलाटाबाहेर पडत होता. "काका कुठंयत?" त्यानं विचारलं. बेबीनंदानं नुसतं गाडीकडे बोट दाखवलं. ती एकाच वेळी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. रामप्रसादनं कपाळावर हात मारला. मग तोही हसला. मावशीला घरी सोडतो म्हणाला, वंदनाबाईंनाही चला म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," वंदनाबाई म्हणाल्या. "मी येते बसनं."

ते दोघं बोलत बोलत जिन्याकडे गेले. दीड वर्षाचं बोलणं साचलं होतं, ते वंदनाबाईंच्या कानावर थोडा वेळ येत राहिलं. मग फलाट रिकामा झाला. सिग्नल लाल झाला. चहावाल्यानं उरलेले कागदी कप एकात एक घातले, किटली उचलली आणि जाता जाता त्यांच्यापाशी थांबला.

"कोणाला सोडायला आल्त्या, मावशी?"

वंदनाबाईंनी रुळांकडे पाहिलं. उन्हात ते दूरवर एक होत गेलेले दिसत होते.

"एक बापलेक होते," त्या म्हणाल्या. "एकाच गाडीनं गेले." आणि त्यांनी चहा मागितला.